याउरे लोकांचा काष्ठमुखवटा : त्याचें नांवगांव व त्याचा पुरावा

(१)

जुना कागद हातीं आला म्हणजे संशोधक त्यास तीन प्रश्न विचारतो. हा कागद कोठें सांपडला? तो कोणाच्या दप्तरांतला? आणि त्यावर जें नांव आहे तें त्याचें स्वतःचें आहे, कीं मागाहून कोणीं त्याच्या पाठीवर लिहून ठेविलें आहे? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें नीट मिळालीं तर तिसऱ्याचें उत्तर बहुधा आपोआप निघतें. तीं न मिळालीं तर मात्र अक्षराच्या वळणावर, कागदाच्या पोतावर व शाईच्या रंगावर विसंबून राहावें लागतें. असें विसंबणें सर्वस्वीं त्याज्य नव्हे; परंतु वळणावरून ठरविलेलें नांव आणि साक्षीवरून ठरलेलें नांव या दोहोंची किंमत एक नव्हे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

प्रस्तुत निबंधांत आम्ही हेच तीन प्रश्न एका निराळ्या वस्तूस विचारणार आहों. ती वस्तु म्हणजे पश्चिम आफ्रिकेंतील याउरे लोकांचा कोरीव लांकडी मुखवटा. युरोप-अमेरिकेंतील संग्रहालयांच्या व लिलावांच्या छापील याद्यांत 'याउरे मुखवटा' अशी नोंद वारंवार आढळते, व तिच्याजवळ दिलेलें चित्र पाहून मनुष्य मोहित होतो. आमचें म्हणणें एवढेंच, कीं यांपैकीं बहुतेक मुखवट्यांवर हें नांव त्यांच्या कडेच्या कोरीवकामावरून वाचलें गेलेलें आहे. तें त्यांच्या गांवानें सांगितलेलें नाहीं. हा भेद ध्यानांत ठेविला नाहीं तर ज्या लोकांची कीर्ति आपण गात आहों असें आपणांस वाटतें, त्यांच्याविषयीं आपण प्रत्यक्षांत कांहींच बोलत नसतों.

(२)

प्रथम वस्तूचें वर्णन करूं. हा मुखवटा तोंडावर बांधावयाचा असतो. सर्व डोकें झांकणारा टोप नव्हे. उंची बहुधा एक ते दीड फूट. चेहरा लांबट, निमुळता व शांत. कपाळ उंच आणि गोलाईनें पुढें आलेलें. भुंवया धनुष्याकृति, त्या खालीं येऊन लांब, बारीक नाकाच्या रेषेस मिळतात. डोळ्यांच्या फटी अरुंद, जणूं पापण्या अर्ध्या मिटलेल्या. तोंड लहान, उघडें व थोडें पुढें काढलेलें. केशरचना बारीक रेघांनीं कोरून दाखविलेली, व तिचे बहुधा स्पष्ट भाग पाडलेले. डोक्यावर कधीं शिंगें, कधीं एखादा पक्षी. गालांवर व कपाळावर पुष्कळदां उठावाच्या खुणा असतात. त्या भागांतील लोक अंगावर जे अलंकाररूप व्रण पूर्वीं करीत, त्यांचें तें अनुकरण होय.

या सर्वांत अधिक लक्ष वेधून घेते ती चेहऱ्याभोवतींची कड. हनुवटीपासून कानांपर्यंत, कधीं त्याहून वर, करवतीच्या दात्यांसारखी त्रिकोणांची एक ओळ कोरलेली असते. कित्येक मुखवट्यांत ही किनार चेहऱ्यापासून किंचित् सुटी व जाळीदार असते. हीच ती खूण, जिच्या जोरावर एखादा मुखवटा याउरे म्हणून ओळखला जातो. मुखवटा एकाच लांकडांतून वाकसानें तासून व सुरीनें साफ करून काढलेला असतो. पातळ कडेचे दाते न मोडतां कोरणें हें कसबी हाताचेंच काम.

(३)

आतां देश व लोक. पश्चिम आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर जो देश इंग्रजींत आयव्हरी कोस्ट म्हणजे हस्तिदंताचा किनारा या नांवानें व फ्रेंचांत कोत दिव्वार या नांवानें ओळखला जातो, त्याच्या मध्यभागीं याउरे लोकांची वस्ती आहे. १८९३ सालीं हा देश फ्रेंचांची वसाहत झाला व ७ ऑगस्ट १९६० रोजीं स्वतंत्र झाला. बांदामा नांवाची मोठी नदी त्याच्या मध्यांतून दक्षिणेस वाहते. तिच्या पश्चिमेस, बुआफ्ले शहराच्या बाजूस, टेकड्यांच्या एका लहानशा मुलुखांत हे लोक राहतात. याउरे, योहुरे अशीं एकाच नांवाचीं भिन्न लेखनें युरोपीय ग्रंथांत आढळतात. आमच्याकडे मोडी कागदांत एकाच गांवाचीं चार लेखनें मिळतात त्यांतलाच हा प्रकार.

यांची संख्या अल्प, पण शेजारी प्रबळ. पश्चिमेस गुरो लोक, पूर्वेस बाउले लोक. याउरेंची मूळ भाषा गुरोंच्या भाषेशीं नातें सांगते. दोन्ही मांदे भाषाकुलाच्या दक्षिण शाखेंतल्या. बाउलेंची गोष्ट निराळी. त्यांची भाषा अकान कुलांतली, आणि त्यांच्या परंपरागत कथेप्रमाणें अठराव्या शतकांत अब्ला पोकू नांवाच्या राणीच्या मागोमाग ते पूर्वेकडील अशांती राज्यांतून निघून या भागांत आले. याउरे मुलुखांतील टेकड्यांत सोनें आहे, व शेजाऱ्यांशीं त्यांचा संबंध केवळ भांडणाचा न राहतां व्यापाराचा, सोयरिकीचा व चालीरीतींच्या देवघेवीचाही राहिला. पुष्कळ याउरे लोक बाउले भाषाही बोलतात. सारांश, एका बाजूनें भाषेचें नातें व दुसऱ्या बाजूनें सहवासाचें नातें, अशा दोहोंच्या मध्यें हे लोक उभे आहेत. मुखवट्याच्या नांवाचा घोटाळा कसा उत्पन्न झाला याची किल्ली या भूगोलांतच आहे.

(४)

हे मुखवटे ज्यांचे, त्यांच्या दृष्टीनें ते काय आहेत? याविषयीं सर्वांत विश्वसनीय माहिती आलँ-मिशेल बोयर या फ्रेंच अभ्यासकानें दिली आहे. जिनीव्हा येथील बार्बिये-म्युलर संग्रहालयानें १९९३ सालीं कोत दिव्वारच्या कलांवर जे दोन खंड काढले त्यांत, व पुढें २०१६ सालीं याउरेंवरील स्वतंत्र ग्रंथांत, त्यांनीं ती मांडिली.

तिचा सारांश असा. मुखवटा हें 'यू' नामक अदृश्य शक्तीचें चिन्ह होय. ही शक्ति जशी रक्षण करणारी तशीच कोपिष्ट. तिचा मान राखिला तर गांवाचें कल्याण, हयगय झाली तर अनर्थ. मुखवट्यांचे समूह दोन. एकाचें नांव 'जे' व दुसऱ्याचें 'लो'. (यांतील 'जे' हा त्यांच्या भाषेंतील शब्द आहे, वाचकांनीं तो मराठी सर्वनाम समजूं नये.) गांवांत मृत्यु घडला म्हणजे गांवची घडी विस्कटते असा त्यांचा समज. अशा वेळीं मुखवटे बाहेर काढून नाचविले जातात. त्यायोगें गांवाची शुद्धि होते, मोडलेली घडी पुन्हां बसते, व मृताचा जीव आपल्या विश्रांतीच्या ठिकाणीं पोंचण्यास साह्य होतें. 'जे' समूहाचे मुखवटे बहुधा रंगांनीं रंगविलेले व 'लो' समूहाचे वनस्पतींच्या रसानें काळे केलेले असतात; तथापि ही वांटणी अगदीं अभेद्य नाहीं. स्त्रियांनीं हे मुखवटे पाहूं नयेत असा कडक निर्बंध आहे. त्या शक्तीचा संसर्ग त्यांस बाधेल अशी भीति त्याच्या मुळाशीं आहे.

या वृत्तांतांत एक गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. गांवाच्या लेखीं मुखवट्याची ओळख तो कोणत्या समूहाचा, कोणत्या प्रसंगाचा, व तो कोणीं पाहूं नये यांवरून पटते. 'हा कोणत्या जमातीचा?' हा प्रश्न गांवांत कोणी विचारीत नाहीं, कारण तेथें त्याचें कारणच नाहीं. तो प्रश्न बाहेरच्याचा. म्हणजे यादींत जी नोंद पहिली येते ती गांवाच्या हिशेबीं निरर्थक, आणि गांवाच्या हिशेबीं जी पहिली, तिच्यासाठीं यादींत पुष्कळदां रकानाही नसतो.

(५)

मग हे मुखवटे युरोपांत आले कसे व कोणत्या कागदांनिशीं? याचें उत्तर थोडक्यांत असें, कीं ते पुष्कळसे कागदांशिवायच आले. विसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रेंच सत्ता या देशाच्या अंतर्भागांत लढाया करीत शिरत होती. बाउलेंचा प्रतिकार मोडण्यास १९११ सालापर्यंतचा काळ लागला. १९१२ सालीं किनाऱ्यावरून निघालेली रेल्वे बुआकेपर्यंत पोंचली, व आंतल्या मुलुखांतून माल बाहेर काढणें सुलभ झालें. अधिकारी, शिपाई व व्यापारी यांच्या पेट्यांतून हे मुखवटे पॅरिसला पोंचले. त्याच सुमारास तेथील चित्रकार-शिल्पकारांस आफ्रिकेच्या कोरीवकामाचा नाद लागला होता. गिऱ्हाइकास रूप हवें होतें. हकीकत नको होती.

या वृत्तीचें एक उदाहरण पुरेसें आहे. १९१५ सालीं कार्ल आइनश्टाइन नांवाच्या जर्मन टीकाकारानें 'नेगरप्लास्टिक' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. आफ्रिकेच्या शिल्पास कला म्हणून मान देणाऱ्या पहिल्या ग्रंथांत त्याची गणना होते, व तो मान देण्याची त्याची तळमळ खरी होती यांत शंका नाहीं. परंतु त्यांतील शंभराहून अधिक चित्रांपैकीं एकाहीखालीं गांव, लोक, उपयोग अथवा संग्राहक यांपैकीं कशाचीही नोंद नाहीं. शंभर पत्रें छापावीं, आणि मायना, मित्ति व शिक्का हीं सर्व गाळून केवळ अक्षराचें वळण सुंदर आहे म्हणून तीं वाचकांपुढें ठेवावीं, तसें हें झालें.

नोंद गाळण्याबरोबर पुराव्याचीही झीज झाली. मुखवट्यास बांधलेले तंतु, कापड, पिसें काढून टाकून त्यास लांकडी बैठकीवर बसवावयाचें, घासूनपुसून झळाळी आणावयाची, ही त्या काळच्या पॅरिसच्या बाजाराची रीत होती. वर सांगितलेंच आहे, कीं रंगीत मुखवटा बहुधा 'जे' समूहाचा व काळा 'लो' समूहाचा. तेव्हां ज्या कारागिरानें रंगाचे थर काढून लांकूड काळें चकचकीत केलें, त्यानें न कळत गांवाची एकमेव लेखी म्हणावी अशी नोंदच खरडून टाकिली. ताडपत्र स्वच्छ दिसावें म्हणून त्यावरील काजळी धुऊन काढणाऱ्या अजाण गृहस्थाची येथें आठवण होते; पत्र स्वच्छ झालें, अक्षरें दिसेनाशीं झालीं.

(६)

कागदांवांचून आलेल्या या वस्तूंस नांवें देणें पुढें प्राप्तच झालें. बाउले व गुरो हीं दोन नांवें युरोपीयांस परिचित होतीं. त्या प्रदेशांतला सौम्य चेहऱ्याचा जो मुखवटा दिसेल तो यांपैकीं एका पदरीं घालावयाचा, अशी वहिवाट पडली. याउरे हें नांव त्या मानानें उशिरां रूढ झालें. अभ्यास वाढला तेव्हां बाउले व गुरो म्हणून नोंदलेल्या मुखवट्यांतून दातेरी कडेचा एक गट निराळा काढण्यांत आला व त्यास याउरे म्हणूं लागले. एका लहान व दुर्लक्षित लोकसमूहास त्याचें श्रेय परत मिळालें, या दृष्टीनें हें योग्यच झालें.

परंतु येथें तर्कशास्त्राची एक अडचण उभी राहते. कड दातेरी आहे म्हणून मुखवटा याउरे. आणि याउरे मुखवट्याचें लक्षण काय, तर दातेरी कड. नैयायिक यास अन्योन्याश्रय म्हणतात. हा दोष टाळावयाचा तर ज्यांचें गांव साक्षीनें ठरलेलें आहे असे कांहीं मुखवटे आधी हातीं असावे लागतात, व त्यांच्याशीं ताडून इतरांचा निर्णय करावा लागतो. बोयर यांच्यासारख्यांनीं प्रत्यक्ष त्या प्रदेशांत जाऊन केलेल्या कामाचें मोल यांतच आहे. पण जुन्या संग्रहांतील जे मुखवटे गांवाशिवाय आले, त्यांच्याविषयीं 'याउरे' हा शब्द अनुमान म्हणूनच वाचला पाहिजे. सावध यादीकार 'बाउले किंवा याउरे' असें जोडनांव देतात. गिऱ्हाइकास तें रुचत नाहीं. आम्हांस तें प्रामाणिकपणाचें लक्षण वाटतें.

(७)

या अनुमानाच्या मुळाशीं एक मोठें गृहीत आहे, तें असें, कीं एका जमातीची एकच शैली व एका शैलीची एकच जमात. विल्यम फॅग या इंग्रज विद्वानानें १९६५ सालच्या आपल्या ग्रंथांत आफ्रिकेच्या कलेची मांडणी जमातवार केली, व प्रत्येक जमात कलेच्या बाबतींत स्वतंत्र विश्व होय, अशी भूमिका घेतली. १९८४ सालीं सिडनी कॅस्फिर या अमेरिकन विदुषीनें या गृहीतासच हात घातला. तिनें दाखवून दिलें, कीं कारागीर, मुखवटे व त्यांचे समारंभ सीमा ओलांडून फिरत असतात, आणि जमातीच्या पक्क्या चौकटी या पुष्कळ अंशीं वसाहतीच्या राज्यकारभाराच्या व संग्रहालयांच्या सोयीसाठीं आंखल्या गेल्या.

आमच्या विषयाशीं अगदीं लगतचें उदाहरण घेऊं. बाउलेंचा 'गोली' हा मुखवट्यांचा उत्सव आज त्यांची ओळख मानला जातो. परंतु सुसान व्होगेल यांच्या संशोधनाप्रमाणें बाउलेंनीं तो वान नांवाच्या शेजारी लोकांकडून घेतला, आणि तोही विसाव्या शतकाच्या प्रारंभीं. इतर अकान लोकांत लांकडी मुखवट्यांची चाल जवळजवळ नाहीं. बाउलेंत ती आहे, ती शेजाऱ्यांच्या सहवासानें. मग याउरे, गुरो व बाउले अशा लागून असलेल्या मुलुखांत, एका कारागिराचा मुखवटा दुसऱ्या लोकांच्या गांवीं नाचला नसेल असें कोण म्हणेल? नगरच्या कारागिरानें घडविलेली मूर्ति कोंकणांतील देवळांत बसली, तर ती नगरची कीं कोंकणची? घडविणाऱ्याचें गांव एक व पूजणाऱ्याचें गांव एक. दोन्ही नोंदलीं तरच इतिहास. नुसतें एक नांव देऊन दोहोंचें काम भागत नाहीं.

(८)

हे प्रश्न त्या काळीं कोणास सुचलेच नव्हते असें मात्र नव्हे. १९३३ सालीं हान्स हिमेलहेबर नांवाचा जर्मन अभ्यासक या भागांत गेला. त्यानें बाउलेंची आतुतू शाखा व गुरो या दोन लोकांच्या लांकूड कोरणाऱ्या कारागिरांशीं प्रत्यक्ष बोलून त्यांची शिकवण, त्यांचा धंदा, त्यांच्या आवडीनिवडी यांची चौकशी केली, व १९३५ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. त्याच १९३५ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत आफ्रिकेच्या कलेचें मोठें प्रदर्शन भरलें. त्यांत सहाशेंच्या आसपास वस्तु मांडल्या होत्या.

हीं दोन उदाहरणें एकाच वर्षाचीं आहेत म्हणून तीं शेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत. एका ठिकाणीं शेंकडों वस्तु, पण त्या घडविणारा कोणी नाहीं. दुसऱ्या ठिकाणीं थोड्या वस्तु, पण त्यांच्यापाठीमागें हाडामांसाचीं माणसें. हिमेलहेबरही निरपेक्ष नव्हता. वस्तु विकत घेऊन व विकूनच तो प्रवासाचा खर्च भागवी. तरी त्यानें एक गोष्ट सिद्ध केली. आफ्रिकेचा शिल्पी अनाम असतो ही समजूत खोटी. त्याचें नांव त्याच्या गांवास ठाऊक असतें. अनाम केलें तें, ज्यानें विचारलें नाहीं, त्यानें. पुढें १९८५ सालीं झुरिक येथील रीटबर्ग संग्रहालयाच्या वतीनें एबरहार्ड फिशर व लोरेंझ होम्बर्गर यांनीं गुरोंच्या कलेवर जो ग्रंथ केला तो याच वाटेनें गेला. पोथीस पुष्पिका असते, पत्रास लेखनसीमा असते. लांकडी मुखवट्याची पुष्पिका माणसांच्या तोंडीं असते. ती माणसें असतांनाच ती उतरून घेतली पाहिजे.

(९)

साक्ष नाहीं तेथें वस्तूनेंच बोलावें लागतें. म्हणून मुखवटा स्वतः काय सांगूं शकतो तेंही येथें नमूद करतों. जाणते परीक्षक प्रथम मुखवटा उलटा करून त्याची आंतली बाजू पाहतात. प्रत्यक्ष नाचलेल्या मुखवट्याचा आंतील भाग कपाळ, गाल व नाक जेथें टेंकतें तेथें घामानें व घर्षणानें गुळगुळीत व गडद झालेला असतो. जेथें त्वचा लागत नाहीं तेथें हत्याराच्या खुणा उघड राहतात. कडेजवळ दोरे ओंवण्यासाठीं छिद्रें असतात. त्यांतून वर्षानुवर्षें दोरा ओढला गेला असेल तर त्यांच्या कडा एका बाजूस झिजतात. नव्यानें पाडलेलें छिद्र सर्व बाजूंनीं सारखें असतें. पोथीच्या पानांतील दोऱ्याचें भोंक ज्यांनीं निरखिलें आहे त्यांस हें निराळें समजावून द्यावयास नको.

वयाच्या बाबतींत मात्र फार सावध असावें. जुन्या व्यापारी याद्यांतून अशा मुखवट्यांस कित्येक शतकांचीं वयें लाविलेलीं आढळतात. उष्ण व दमट हवा आणि वाळवी यांच्यापुढें तेथें लांकूड फार पिढ्या टिकत नाहीं. जीर्ण झालेला मुखवटा बाजूस ठेवून नवा कोरून घ्यावयाचा हीच रीत. म्हणून आज उपलब्ध असलेले बहुतेक मुखवटे एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतलेच धरले पाहिजेत. यानें त्यांचें महत्त्व उणें होत नाहीं. जुन्या प्रतीवरून नवी प्रत उतरली म्हणून ग्रंथ नवा ठरत नाहीं. परंपरा जुनी व प्रत नवी, असेंच म्हणावयाचें.

तथापि वस्तूची ही साक्ष किती दूर जाते? मुखवटा नाचला कीं नाहीं, पुष्कळ वापरला कीं थोडा, मागाहून रंगविला कीं खरवडला, एवढें ती सांगेल. कोणत्या गांवीं, कोणाच्या मृत्यूनंतर, कोणत्या समूहांत, हें ती सांगणार नाहीं. तें सांगणारी दुसरी साक्ष एकच, आणि ती माणसाची.

(१०)

आणि त्या माणसांचा मुलूख स्थिर राहिलेला नाहीं. याउरे प्रदेशाला लागून बांदामा नदीवर कोसू येथें १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत मोठें धरण झालें. त्याच्या जलाशयानें देशांतलें सर्वांत मोठें सरोवर निर्माण केलें व सत्तर हजारांहून अधिक लोकांस गांवें सोडावीं लागलीं. त्यांत बाउले फार होते. ज्या टेकड्यांत पूर्वींचे लोक हातानें सोनें काढीत, तेथें आधुनिक यंत्रांच्या खाणीनें डिसेंबर २०२० मध्यें पहिलें सोनें काढिलें. गांव हाललें म्हणजे त्या गांवच्या मृत्यूविधींची जागा हालते, आणि जागा हालली म्हणजे मुखवट्याची हकीकत सांगणारा आधार सुटतो.

देशांतील संग्रहही निर्वेध राहिला नाहीं. अबिजान येथील राष्ट्रीय संग्रहालयाचे दरवाजे २०१०-११ च्या निवडणुकीनंतरच्या यादवींत फोडले गेले व शंभराहून अधिक वस्तु नाहींशा झाल्या. दुरुस्ती होऊन तें २०१७ सालीं पुन्हां उघडलें. चोरीच्या वस्तु ओळखून परत मागावयाच्या तर हातीं काय लागतें? मोजमाप, छायाचित्र व लिहिलेली नोंद. नोंद नसलेली वस्तु चोराच्या हातीं गेली, कीं ती दुसऱ्यांदा अनाथ होते; आणि पुढील यादींत 'याउरे, जुना खासगी संग्रह' एवढ्याच शब्दांनीं ती पुन्हां प्रतिष्ठित होऊन बसूं शकते.

याच्या उलट बाजूचेंही एक उदाहरण शेजारींच आहे. गुरोंचें 'झाउली' हें मुखवट्याचें नृत्य २०१७ सालीं युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादींत नोंदलें गेलें. तेथें नुसतें लांकूड नोंदलेलें नाहीं. कोरणारा, नाचणारा, वाद्यें, वेष व ज्या गांवांत हें चालतें तीं गांवें यांसह तें नोंदलें आहे. नोंद करावी ती अशी.

(११)

येणेंप्रमाणें पाहतां आमचा निष्कर्ष असा. 'याउरे मुखवटा' हें नांव टाकून द्यावें असें आम्ही म्हणत नाहीं. एका थोर कारागिरीच्या परंपरेची ती खूण आहे. परंतु नोंदींत तें कोणत्या आधारावर दिलें हें लिहिलें पाहिजे. साक्षीनें ठरलेलें असेल तर तसें लिहावें. कडेच्या दात्यांवरून ठरविलें असेल तर तसें लिहावें. दोन्ही नसेल तर जागा रिकामी ठेवावी. रिकामी जागा पुढच्या संशोधकास बोलावते. चुकीनें भरलेली जागा त्यास परतवून लाविते.

हा उपदेश दूरच्या लोकांसच करून आम्ही मोकळे होऊं इच्छीत नाहीं. आपल्याच पालघर जिल्ह्यांत जव्हार-मोखाड्याच्या बाजूस बोहाड्याचे मुखवटे आहेत, आणि तेही आतां शहरांतील हौशी संग्राहकांच्या भिंतींवर येऊं लागले आहेत. भिंतीवरच्या त्या मुखवट्याखालीं तो कोणत्या सोंगाचा, कोणत्या गांवचा, कोणीं केला, कोण नाचवीत असे, व तो घरांतून बाहेर कसा पडला, हीं पांच वाक्यें लिहिलेलीं असतात काय? ज्यांच्या घरीं असा एखादा मुखवटा आहे त्यांनीं, विकणारा अजून भेटण्यासारखा आहे तोंवर, हीं पांच वाक्यें लिहून वस्तूबरोबर ठेवावीं, अशी आमची विनंति आहे.

याउरे गांवांत मृत्यूनंतर मुखवटा बाहेर येतो तो विस्कटलेली घडी बसविण्यासाठीं. त्याच मुखवट्याची स्वतःची घडी मात्र बाजारानें विस्कटली : नांव एकीकडे, गांव एकीकडे, लांकूड भलतीकडे. ती बसविण्याचें काम संशोधकाचें, आणि त्याचा आरंभ सुंदर वस्तूपुढें मान डोलविण्यानें होत नाहीं. 'ही कोठून आली?' या साध्या प्रश्नानें होतो.